पट्टा उमटला नाही, म्हणजे नेमके काय? ब्रॅकिएरियाच्या संकर रोपांत अपोमिक्सिस ओळखण्याचे प्रकरण

ब्रॅकिएरिया गवताच्या तीन जाती शेजारी ठेवल्या की पैदासकाराची अडचण लगेच कळते. डिकम्बेन्स जातीचा 'बॅसिलिस्क' हा वाण आम्लधर्मी, ॲल्युमिनियमचे प्रमाण जास्त असलेल्या हलक्या जमिनीत मजेत वाढतो, पण फेसाच्या गोळ्यात लपून रस शोषणारा स्पिटलबग आला की कुरणेच्या कुरणे पिवळी पडतात. ब्रिझांथा जातीचा 'मारांदू' हा वाण ब्राझीलच्या एम्ब्रापा या शेती संशोधन संस्थेने १९८४ साली दिला. तो या किडीला दाद देत नाही, मात्र त्याला जमीन सकस लागते. रुझिझिएन्सिसचा चारा गुरे आवडीने खातात, पण कीड आणि नापीक जमीन या दोन्हींपुढे ती जात टिकत नाही.

तिघांचे गुण एकत्र आणायचे तर संकर करायचा. पण नेमका तोच जमत नव्हता. बॅसिलिस्क आणि मारांदू दोन्ही चतुर्गुणित (गुणसूत्रांचे चार संच असलेले), ३६ गुणसूत्रांचे आणि अपोमिक्टिक आहेत. म्हणजे त्यांच्या बियांतला भ्रूण फलनाशिवाय, थेट आईच्या पेशीतून तयार होतो आणि प्रत्येक बी आईची हुबेहूब नक्कल असते. अशा झाडाला संकरासाठी आई करता येत नाही, फक्त बाप करता येतो. रुझिझिएन्सिस लैंगिक आहे, पण द्विगुणित, १८ गुणसूत्रांची. १९८० च्या सुमारास बेल्जियममध्ये कोल्चिसिनची प्रक्रिया करून तिची गुणसूत्रे दुप्पट करण्यात आली आणि पहिल्यांदाच चतुर्गुणित लैंगिक आई हाती आली. पुढे कोलंबियातली सिआट आणि ब्राझीलमधली एम्ब्रापा या दोन संस्थांचे संकर कार्यक्रम याच झाडांवर उभे राहिले. सिआटमध्ये १९८८ साली केलेल्या संकरातून 'मुलातो' हा पहिला संकरित वाण निघाला.

या लेखातले प्रकरण त्याच घराण्यातल्या एका संकराचे आहे. आई बीआरएक्स ४४-०२ ही चतुर्गुणित लैंगिक रुझिझिएन्सिस आणि बाप सिआट ६०६, म्हणजेच बॅसिलिस्क. रोपवाटिकेच्या ट्रेमध्ये या संकराची रोपे तीन-चार पानांवर आली आहेत. यातली साधारण निम्मी अपोमिक्टिक असणार आणि वाण होण्याची शक्यता फक्त त्यांनाच. लैंगिक रोप कितीही जोमदार असले तरी त्याचे बी पेरल्यावर प्रत्येक रोप वेगळे निघते. अशा बियाण्यातून एकसारखे कुरण उभे राहत नाही. प्रश्न असा, की शेतात लावण्याआधीच, आत्ताच, कोणते रोप कोणत्या गटातले हे सांगता येईल का?

दिसण्यावरून सांगता येत नाही. तुरा झाकून बघण्याची युक्तीही इथे चालत नाही. ब्रॅकिएरियात भ्रूण फलनाशिवाय तयार होत असला तरी भ्रूणपोष, म्हणजे दाण्यातला अन्नसाठा, तयार व्हायला पराग लागतोच. पराग रोखला की अपोमिक्टिक झाडही पोकळ दाणे देते, आणि बघणारा त्याला लैंगिक समजून बसतो.

जुनी खात्रीची पद्धत सूक्ष्मदर्शकाची. फुलोरा उमलण्याच्या वेळी फॉर्मॅलिन, ॲसेटिक आम्ल आणि अल्कोहोलच्या मिश्रणात २४ तास स्थिर करायचा, ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवायचा, स्त्रीकेसर सोलून काढायचे, अल्कोहोलच्या चढत्या पायऱ्यांतून मिथाइल सॅलिसिलेटमध्ये नेऊन पारदर्शक करायचे आणि पारदर्शक पेशींतही उठाव दाखवणाऱ्या डीआयसी प्रकाशयोजनेखाली बीजांडाच्या आत बघायचे. लैंगिक बीजांडात एकच भ्रूणकोश (अंडपेशी असलेली पिशवी) असतो आणि त्याच्या तळाशी प्रतिध्रुवीय पेशींचा घोस स्पष्ट दिसतो. अपोमिक्टिक बीजांडात बहुधा एकापेक्षा जास्त कोश असतात. ते चार केंद्रकांचे असतात आणि तळाशी तो घोस नसतो. घोस आहे की नाही, हीच खरी खूण. एका झाडाची तीसेक बीजांडे तरी बघावी लागतात, कारण एकाच झाडात दोन्ही प्रकारचे कोश सापडू शकतात. पद्धत उत्तम आहे, पण त्यासाठी झाड फुलावर यावे लागते. तोपर्यंत निम्मे शेत निरुपयोगी झाडांनी अडवलेले असते.

डीएनए मार्करचे, म्हणजे जनुकाचा सुगावा देणाऱ्या डीएनएवरच्या खुणेचे, महत्त्व इथे आहे. आधीचे मार्कर अपोमिक्सिसच्या जनुकाशेजारी कुठेतरी बसणारे होते. अंतर थोडे असले तरी अधूनमधून मार्कर आणि जनुक यांची ताटातूट होई आणि ते रोप चुकीच्या गटात जाई. आता वापरात असलेली प्रायमर जोडी (हव्या त्या डीएनए तुकड्याच्या दोन टोकांना चिकटणारे दोन छोटे धागे) पी७७९/पी७८० थेट संशयित जनुकावरच बेतलेली आहे. तिचे मूळ बाजरीच्या एका रानटी आफ्रिकी भाऊबंदात, पेनिसेटम स्क्वामुलेटममध्ये आहे. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन इथल्या पेगी ओझायस-अकिन्स यांच्या गटाने १९९८ साली दाखवले, की त्या गवतात अपोमिक्सिसशी बांधलेला गुणसूत्राचा एक तुकडा आहे आणि त्याला लैंगिक झाडांत बहुधा जोडीदारच नाही. त्या तुकड्यात भ्रूणवाढ सुरू करणाऱ्या बेबी-बूम कुळातले एक जनुक सापडले. २०१५ साली ते लैंगिक चतुर्गुणित बाजरीत घातल्यावर बाजरीच्या अंडपेशीतून फलनाशिवाय भ्रूण वाढले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हीच प्रायमर जोडी बीआरएक्स ४४-०२ आणि सिआट ६०६ यांच्या संततीवर तपासली गेली. तिथे अपोमिक्सिस आणि मार्कर यांची पूर्ण जोडी जमली. ब्रॅकिएरिया आणि गिनी गवताच्या ज्ञात नमुन्यांवरही मार्करने योग्य गट सांगितला.

म्हणून आपल्या ट्रेमधल्या रोपांसाठीही हीच जोडी घ्यायची. पीसीआर यंत्रात दोन प्रायमरांमधल्या तुकड्याच्या असंख्य प्रती होतात आणि जेलवर त्यांचा पट्टा उमटतो. तुकडाच नसेल तर पट्टा नाही.

पान कोवळे घ्या, सर्वांत वरचे, पूर्ण न उलगडलेले. जून पानात शर्करायुक्त चिकट पदार्थ जास्त असतात आणि ते पुढे पॉलिमरेज एन्झाइमला अडवतात. एका रोपामागे ५० मिलिग्रॅम पान पुरते. ट्रेच्या एका खणात दोन बिया उगवलेल्या असतील तर आधी एक उपटून टाका. पाने एकमेकांत मिसळलेली असताना शेजाऱ्याचे पान तोडले जाणे ही या कामातली सर्वांत सामान्य चूक आहे, आणि ती प्रयोगशाळेत कधीच सापडत नाही. पंच वापरत असाल तर दोन नमुन्यांच्या मध्ये कोरा फिल्टर कागद दोनदा पंच करा.

डीएनए काढायला सीटॅब या पेशी फोडणाऱ्या डिटर्जंटची पद्धत पुरेशी आहे. द्रावणात २ टक्के सीटॅब, १.४ मोलर मीठ, २० मिलिमोलर ईडीटीए, १०० मिलिमोलर ट्रिस (पीएच ८), १ टक्का पीव्हीपी आणि आयत्या वेळी घातलेले ०.२ टक्के मर्कॅप्टोइथेनॉल. वाटलेल्या पानावर ४०० मायक्रोलिटर द्रावण, ६५ अंशांवर ४५ मिनिटे, दर दहा मिनिटांनी हलवत. मग तेवढेच क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल अल्कोहोल (२४:१) घालून फिरवायचे. वरचे २५० मायक्रोलिटरच उचलायचे. लोभाने मधल्या पांढऱ्या थरापर्यंत टिप नेली की सगळी घाण सोबत येते. त्यात १७५ मायक्रोलिटर थंड आयसोप्रोपॅनॉल, मग ७० टक्के अल्कोहोलने धुणे, सुकवणे आणि आरएनेज घातलेल्या टीई द्रावणात विरघळवणे. शेवटी सर्व नमुने १० नॅनोग्रॅम प्रति मायक्रोलिटरवर आणायचे. हे सारखे करणे कंटाळवाणे असते, पण ते टाळले तर फिके पट्टे बघून डोके धरायची वेळ येते.

९६ खणांच्या प्लेटमध्ये रोपे ८८ घ्यायची. शेवटचा उभा रकाना नियंत्रणांसाठी राखायचा: वरून बाप, आई, आणखी एक खात्रीचे अपोमिक्टिक झाड, आणखी एक खात्रीचे लैंगिक झाड, मग पानाशिवाय काढलेले दोन 'रिकामे' अर्क आणि शेवटी डीएनएऐवजी पाणी घातलेले दोन खण. नियंत्रणे अशी एका कडेला ठेवली की प्लेट कुणी उलटी फिरवून लावली तरी लगेच कळते. ती चार कोपऱ्यांत सारखी वाटली तर हा फायदा जातो.

पीसीआरचे मिश्रण एका खणाला १५ मायक्रोलिटर: दहापट बफर (मॅग्नेशियमविरहित) १.५, २५ मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड १.२, प्रत्येकी २ मिलिमोलरचे डीएनटीपी १.५, दोन्ही मुख्य प्रायमर (१० मायक्रोमोलर) प्रत्येकी ०.४५, नियंत्रण प्रायमर प्रत्येकी ०.१५, टॅक ०.१, डीएनए २ आणि पाणी ७.५. मिश्रण १०५ खणांचे करा, म्हणजे पिपेटला चिकटणाऱ्या थेंबांनी शेवटचा रकाना कोरडा राहत नाही. ९४ अंशांवर ३ मिनिटे, मग ९४ अंश, बांधणीचे तापमान आणि ७२ अंश अशी ३५ आवर्तने, शेवटी ७२ वर ५ मिनिटे. बांधणीचे तापमान दुसऱ्याच्या कागदावरून उचलू नका. चार खात्रीची अपोमिक्टिक आणि चार खात्रीची लैंगिक झाडे घेऊन स्वतःच्या यंत्रावर ५५ ते ६५ अंशांत ग्रेडियंट लावा, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळी तापमाने तपासा. बेबी-बूम कुळातली इतर जनुके लैंगिक झाडातही असतात. तापमान कमी राहिले की प्रायमर त्यांनाही चिकटू शकतात आणि लैंगिक रोप अपोमिक्टिक ठरते. लैंगिक चौघांत काहीच उमटत नाही आणि अपोमिक्टिक चौघांत ठसठशीत उमटते असे तापमान निवडायचे.

आता त्या नियंत्रण प्रायमरांबद्दल, कारण या प्रकरणाचा जीव तिथे आहे.

हा मार्कर एकाच बाजूने बोलतो. पट्टा उमटला तर जनुक आहे. पण पट्टा न उमटण्याची कारणे दोन: एक, जनुक नाही, दोन, पीसीआर फसली. जेलवर दोन्ही एकसारखेच दिसतात, रिकामी लेन. म्हणून प्रत्येक खणात अशी दुसरी प्रायमर जोडी हवी जी सगळ्या ब्रॅकिएरियात, लैंगिक असो वा नसो, हमखास पट्टा देते आणि तो मुख्य पट्ट्याहून निराळ्या लांबीचा असतो. ती वेगळ्या खणात लावून भागत नाही, कारण 'या' खणात डीएनए पडला का हाच प्रश्न आहे. तिचे प्रमाण मुख्य जोडीच्या एक तृतीयांश ठेवले आहे. सारखे ठेवले तर सहज वाढणारा नियंत्रण पट्टा सगळा कच्चा माल खाऊन टाकतो आणि मुख्य पट्टा फिका पडतो.

मग नोंद तीनच प्रकारची. दोन्ही पट्टे आहेत: अपोमिक्टिक. फक्त नियंत्रण पट्टा आहे: लैंगिक. नियंत्रण पट्टाच नाही: नोंद नाही, पुन्हा लावा. मुख्य पट्टा आहे पण नियंत्रण नाही, असे क्वचित होते. तेही पुन्हा लावायचे. फिका पट्टा हा 'आहे' नव्हे आणि 'नाही'ही नव्हे. आवर्तने ४० करून तो गडद करण्याचा मोह टाळावा, कारण मग शेजारच्या खणातून उडालेला कणही पट्टा देतो. डीएनए दहापट पातळ करून बघा. अडवणारे पदार्थ हे कारण असेल तर पातळ केल्यावर पट्टा उलट सुधारतो. पाण्याच्या खणात पट्टा दिसला तर ती सगळी प्लेट रद्द.

प्लेट वाचून झाली की आकड्यांकडे बघायचे. आईकडे अपोमिक्सिसचा घटक नाही, बापाकडे चारपैकी एकाच प्रतीत आहे, म्हणून निम्म्या परागकणांत तो जाणार आणि रोपे १:१ पडणार. समजा ८८ पैकी ५१ मध्ये पट्टा आहे, ३७ मध्ये नाही. अपेक्षा ४४-४४ ची. काय-वर्ग, म्हणजे आकडे अपेक्षेपासून किती दूर आहेत याचे माप, येतो ४९ भागिले ४४, दोनदा, म्हणजे २.२३. मर्यादा ३.८४, तेव्हा चिंता नाही. पण ३० आणि ५८ असे आले तर काय-वर्ग ८.९ होतो आणि कुठेतरी काहीतरी बिघडले आहे.

बिघाड कुठे? पट्टा नसलेली रोपे जास्त झाली तर पहिला संशय आईच्या स्वपरागणावर घ्यावा. चतुर्गुणित रुझिझिएन्सिस मुख्यतः परपरागी आहे, तरी काही बी स्वतःच्या परागाने धरू शकते, आणि त्यातल्या एकाही रोपात अपोमिक्सिसचा घटक येणार नाही. तपासायचे सोपे आहे: बापात आहेत पण आईत नाहीत असे चार-पाच एसएसआर (डीएनएतल्या छोट्या पुनरावृत्त तुकड्यांवरचे मार्कर) अल्लील, म्हणजे त्या तुकड्याची वेगवेगळी रूपे, घ्या आणि पट्टा नसलेल्या रोपांत शोधा. एकही सापडला नाही तर ते रोप संकर नव्हेच. बापाचाही नाही, आईचाही नाही असा अल्लील निघाला तर पराग बाहेरून आला आहे. हा धोका कागदी नाही. 'मुलातो २' या वाणाच्या वंशावळीतली एक पायरी मुक्त परागणाची होती आणि मारांदूसह ब्रिझांथा जातीचे अल्लील त्यात असल्याचे पुढे एसएसआर मार्करांनीच दाखवले. तिथे ते फायद्याचे ठरले, पण १:१ चा हिशेब मांडताना असा पाहुणा नको.

आता पट्टा असलेल्या रोपांकडे. ती शेतात गेली, म्हणून त्यांचे बी शंभर टक्के एकसारखे येईल असे मार्करने सांगितलेले नाही. जनुक आहे एवढेच त्याने सांगितले. प्रत्यक्ष किती बिया अपोमिक्सिसने होतात आणि किती लैंगिक मार्गाने निसटतात, हे झाडागणिक बदलते. आमच्या मते मार्करला चाळणी म्हणावे, दाखला म्हणू नये. वाण म्हणून पुढे जाणाऱ्या मोजक्या झाडांची संतती तपासणी टाळता येत नाही.

त्यासाठी झाडामागे किती रोपे घ्यायची? वीस घेण्याचा रिवाज आहे. पण दहा टक्के बिया लैंगिक असतील तरी वीसच्या वीस रोपे आईसारखी निघण्याची शक्यता ०.९ चा विसावा घात, म्हणजे १२ टक्के उरते. दहा टक्क्यांची शंका ९५ टक्के खात्रीने फेडायची तर २९ रोपे लागतात, पाच टक्क्यांची फेडायची तर ५९. एसएसआर निवडताना आईत एकाच प्रतीत असलेले, वेगवेगळ्या गुणसूत्रांवरचे अल्लील घ्या. परपरागणातून झालेल्या लैंगिक रोपात असा प्रत्येक अल्लील निम्म्या वेळा गळतो, तेव्हा सहाच्या सहा टिकण्याची शक्यता ६४ मध्ये १. स्वपरागणात मात्र तो चारात एकदाच गळतो. तिथे सहा पुरत नाहीत, बारा घ्यावेत.

आणखी एक फसवा प्रकार आहे. अपोमिक्टिक कोशातल्या अंडपेशीची गुणसूत्रे अर्धी झालेली नसतात. कधीकधी तीच फलित होते. असे रोप आईचे सगळे अल्लील ठेवते आणि बापाचे वर चढवते, त्यामुळे 'आईचे सगळे पट्टे आहेत ना' एवढेच बघणाऱ्याच्या नजरेतून सुटते. नवा पट्टा दिसला की पेशीतला डीएनए मोजणाऱ्या फ्लो सायटोमीटरवर टाका. ते षट्गुणित निघेल.

फ्लो सायटोमीटरचा विषय निघालाच आहे, तर एक भ्रम दूर करू. बी वाटून भ्रूण आणि भ्रूणपोष यांच्या डीएनएचे गुणोत्तर मोजायचे आणि त्यावरून अपोमिक्सिस ओळखायचे, ही पद्धत पोआसारख्या गवतात चालते, कारण तिथे अपोमिक्टिक कोशात दोन ध्रुवीय केंद्रके (परागाशी मिळून भ्रूणपोष बनवणारी) असतात. ब्रॅकिएरियाच्या चार केंद्रकी कोशात ध्रुवीय केंद्रक एकच, पण ते चतुर्गुणित. त्यात द्विगुणित परागकेंद्रक मिसळले की भ्रूणपोष षट्गुणित, भ्रूण चतुर्गुणित. लैंगिक बीमध्ये दोन द्विगुणित ध्रुवीय केंद्रके आणि एक परागकेंद्रक, म्हणजे भ्रूणपोष पुन्हा षट्गुणित आणि भ्रूण चतुर्गुणितच. दोन्हीकडे ४:६. यंत्र कितीही महाग असले तरी जिथे फरकच नाही तिथे ते काय दाखवणार?

पट्टा नसलेली रोपे सरसकट फेकू नयेत. ती लैंगिक आहेत, म्हणजे पुढच्या फेरीच्या आया आहेत. किडीला टिकणारी निवडून त्यांचे ठोंब लावून ठेवावेत.

हीच पद्धत आपल्याकडच्या गवतांना लावताना जपायला हवे. अंजन, मारवेल, गिनी गवत ही तिन्ही महाराष्ट्रातल्या चारा पैदासकारांच्या ओळखीची आणि तिन्हींत अपोमिक्सिस आहे. अंजनात तर अपोमिक्सिसचा तो गुणसूत्राचा तुकडा पेनिसेटम स्क्वामुलेटमशी जुळणारा असल्याचे १९९९ सालीच दिसले होते, आणि भारतीय संशोधकांनी अंजनासाठी स्कार प्रकारचा मार्कर २००७ साली प्रसिद्ध केला. पण अंजनाच्या गोळा केलेल्या नमुन्यांत लैंगिक झाड हा दुर्मीळ प्रकार आहे. टेक्सासमध्ये गवताचे पैदासकार बॅशॉ यांना असे एक झाड सापडले आणि १९६२ साली त्याची नोंद झाली, तेव्हा कुठे तिकडे अंजनाचा संकर सुरू झाला.

या दुर्मीळपणाने रिकाम्या लेनचा अर्थच बदलतो. समजा नियंत्रणे लावूनही शंभरातल्या दोन अपोमिक्टिक झाडांचा पट्टा कुठल्यातरी कारणाने हुकतो. ब्रॅकिएरियाच्या आपल्या संकरात १,००० रोपे तपासली तर पट्टा नसलेली सुमारे ५१० निघतील आणि त्यातली ५०० खरोखर लैंगिक असतील. अंजनाच्या १,००० नमुन्यांत लैंगिक झाड एकच आहे असे धरले, तर पट्टा नसलेली २१ निघतील आणि त्यातली २० खोटी. तिथे ताजे पान घेऊन, नव्याने डीएनए काढून पुन्हा पीसीआर करावी. तरीही जी झाडे पट्टा देणार नाहीत त्यांचे ठोंब वेगळे लावावेत, फुलावर येईपर्यंत थांबावे आणि मिथाइल सॅलिसिलेटची बाटली काढून बीजांडाच्या तळाशी तो घोस आहे का ते बघावे.